कंट्रोलचा गहू, घरची ज्वारी

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसला पाच माणसांच्या प्राधान्य यादीतल्या घराला कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानातून महिन्याला 25 किलो धान्य मिळतं. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी 5 किलोचा हक्क दिला, महाराष्ट्रात तो फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला आणि जानेवारी 2023 पासून हे धान्य फुकट आहे. बरीच वर्षं त्याची वाटणी माणशी 3 किलो गहू आणि 2 किलो तांदूळ अशी होती. मधल्या काळात हे प्रमाण खालीवर झालं, पण धान्यं बहुतेक वेळा तीच दोन राहिली. आता समजा, या घरातल्या नऊ वर्षांच्या मुलीला सीलिॲक आहे. सरकारी कागदावर घराला 25 किलोची अन्न सुरक्षा आहे. त्या मुलीच्या ताटात यातलं जाऊ शकतं ते फक्त तिच्या वाट्याचे 2 किलो तांदूळ. उरलेल्या महिन्याचं काय, हा प्रश्न या प्रकरणाचा आहे. आणि तो प्रश्न ज्वारीच्या मुलखात पडावा, हे त्यातलं सगळ्यात विचित्र.

सीलिॲकला पुष्कळदा गव्हाची ॲलर्जी म्हणतात. ते बरोबर नाही. ॲलर्जीत अंगावर पित्त उठतं, श्वास कोंडतो, आणि ते बहुधा लगेच कळतं. सीलिॲकमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा गहू, सातू आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनावर तुटून पडते आणि त्या भरात स्वतःच्याच लहान आतड्याला जखमी करते. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातलं सत्त्व शोषलं जातं ते त्यांच्यातून. ते झिजून सपाट झाले की खाल्लेलं अंगी लागत नाही. कुणाला जुलाब होतात, पोट फुगतं. पण कितीतरी जणांच्या पोटाची तक्रारच नसते. रक्त वाढत नाही, उंची वाढत नाही, हाडं ठिसूळ होतात, पाळी उशिरा येते, एवढंच दिसतं. औषध नाही. ग्लुटेन कायमचं बंद करणं हा एकच उपचार आहे, आणि तो केला तर आतडं बहुतेकांचं पुन्हा भरून येतं.

मराठवाड्यात ही लक्षणं घेऊन आलेल्या मुलीला आपण काय म्हणतो? कुपोषित. आणि कुपोषणावर उपाय काय करतो? खायला घालतो. अंगणवाडीतून घरी न्यायला वेळोवेळी जे दिलं गेलं त्यात शिरा, उपमा, शेवया, सुकडी असे गव्हाचेच प्रकार भरपूर. म्हणजे आजार जितका जास्त दिसेल तितकं त्याचं कारण आणखी खायला मिळेल, अशी ही गाठ आहे. लोहाच्या गोळ्या महिनोन् महिने नेमानं घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल तर गोळी खाल्ली जात नाही असा ठपका आईवर येतो. गोळी खाल्ली जाते, शोषली जात नाही, ही शक्यता डॉक्टरांच्याही मनात उशिरा येते. तपासणी तशी सोपी आहे. रक्तात ऊतक ट्रान्सग्लुटामिनेज या विकराविरुद्धची प्रतिपिंडं शोधायची आणि ती सापडली तर दुर्बिणीतून आतड्याचा कणभर तुकडा काढून पाहायचा. एक पथ्य मात्र उलटं आहे: तपासणी होईपर्यंत गहू बंद करायचा नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून आधीच पोळी सोडली की प्रतिपिंडं उतरतात, आतडं सावरू लागतं आणि अहवाल नीट येतो. मग ना आजाराचं नाव कळतं, ना पथ्य पक्कं होतं.

या आजाराचा आणि भुकेचा संबंध जुना आहे, पण तो पहिल्यांदा लक्षात आला तो उलट बाजूनं. लंडनच्या सॅम्युअल जी यांनी 1888 मध्ये मुलांमधल्या सीलिॲकचं नेमकं वर्णन केलं आणि उपाय झाला तर आहारातूनच होईल असंही लिहिलं. कोणत्या आहारातून, ते त्यांना उमगलं नाही. 1924 मध्ये अमेरिकेत सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवलं आणि मुलं सुधारली. केळ्यात काही गुण आहे असं हास मानत राहिले. नांदेडजवळच्या अर्धापूरच्या बागायतदारांना ते आवडलं असतं, पण गुण केळ्याचा नव्हता, पाव बंद झाल्याचा होता.

हे ओळखलं डच बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी. हेगच्या मुलांच्या रुग्णालयात काम करताना, महायुद्धाच्या आधीपासूनच त्यांना गव्हाचा संशय होता. मग 1944-45 चा हिवाळा आला. जर्मनांनी पश्चिम नेदरलँड्सची रसद तोडली, पाव मिळेनासा झाला, लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले, हजारो माणसं उपासमारीनं मेली. त्या भयंकर महिन्यांत सीलिॲकची मुलं बिघडली नाहीत, उलट सावरली. आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिके यांनी 1950 च्या आपल्या प्रबंधात गहू आणि राय यांवर बोट ठेवलं. ही गोष्ट सांगताना लोक बहुधा इथंच थांबतात, जणू दुष्काळानं आजार बरा केला. पण त्या मुलांना पावाच्या जागी दुसरं काहीतरी पोटात घालता आलं म्हणून ती वाचली. पर्यायी धान्य नसतं तर आजार बरा होऊन मूल उपाशी गेलं असतं.

सगळ्यांनाच हा आजार होत नाही. त्यासाठी जनुकांची विशिष्ट ठेवण लागते, एचएलए डीक्यू2 किंवा डीक्यू8, आणि ती असलेल्यांपैकीही थोड्याच जणांना आजार जडतो. भारतात 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर, ईशान्य आणि दक्षिण अशा तीन भागांतली 23 हजारांहून अधिक निरोगी प्रौढ माणसं तपासली. सीलिॲकची प्रतिपिंडं उत्तरेत 1.23 टक्के लोकांत आढळली, ईशान्येत 0.87 टक्के आणि दक्षिणेत फक्त 0.10 टक्के. जनुकांची ती ठेवण मात्र उत्तरेत 38 टक्के लोकांत होती तर दक्षिणेत 36. जवळजवळ सारखीच. फरक ताटातला होता: उत्तरेत माणशी रोजचा गहू 455 ग्रॅम, दक्षिणेत 25. ईशान्येत गहू 37 ग्रॅमच असूनही आकडा वर आहे, म्हणजे नुसत्या किलोंचा हिशेब पुरा पडत नाही. तरी मराठवाड्यासाठी यात एक सूचना आहे. शरीरात वात तयार असली तरी काडी लावणारं धान्य ताटात किती येतं, यावरही बरंच ठरतं. आणि गेल्या दोन पिढ्यांत आपल्या ताटात नेमकं तेच धान्य वाढलं आहे.

ते कसं वाढलं हे बघायला 1972 मध्ये जावं लागतं. त्या वर्षी मे महिन्यात परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याच वर्षी पावसानं दगा दिला. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांना सुकडी मिळाली, आणि परदेशातून गव्हाबरोबर लाल मिलो आला. मिलो ही अमेरिकेतली ज्वारीच. त्याची भाकर लाल, चरबरीत, थापता थापता चिरणारी, आणि लोकांनी तिला जी नावं ठेवली ती अजून म्हातारी माणसं सांगतात. गहू मात्र मऊ होता. त्याआधी पोळी सणाची, पाव्हण्याची. दुष्काळानंतर रेशनच्या गव्हानं ती रोजची केली. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. भाकर थापण्यात आणि चुलीच्या धगीत ज्या बायकांची कंबर गेली त्यांनी पोळी जवळ केली तर त्यांना नावं ठेवणारे आपण कोण? पण परिणाम व्हायचा तो झाला. 1980 च्या दशकात महाराष्ट्रात ज्वारी 60 लाख हेक्टरांच्या वर होती. आज त्याचा तिसरा हिस्साही उरलेला नाही. पूर्णा आणि परभणी तालुक्यांच्या काळ्या रानात खरिपाला सोयाबीन आणि कापूस उभा असतो. खरिपाची हायब्रीड ज्वारी कणसात पाऊस सापडला की काळी पडते, पाखरं खातात, काढणीला माणूस मिळत नाही. रब्बीची टाळकी ज्वारी टिकून आहे ती अर्धी खाण्यासाठी आणि अर्धी कडब्यासाठी.

पीक कमी झालं तसा भाव चढला. 2024-25 च्या हंगामासाठी केंद्रानं मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3,421 रुपये ठेवला, त्याच रब्बीच्या गव्हाचा 2,425. गरिबाचं धान्य म्हणून जिची ओळख ती ज्वारी श्रीमंताच्या गव्हापेक्षा क्विंटलमागे जवळजवळ हजार रुपयांनी महाग ठरली. शहरातल्या मधुमेही ग्राहकांनीही तिची मागणी वाढवली आहे. आता आपल्या त्या मुलीचा हिशेब मांडू. पोटभर खायला महिन्याला 12 किलो धान्य धरलं आणि तिचे रेशनचे 2 किलो तांदूळ वजा केले, तर 10 किलो ज्वारी विकत घ्यावी लागेल. त्या हमीभावानं ती 342 रुपयांची. पण हमीभाव हा शेतकऱ्याला मिळायचा भाव, ताडकळसच्या किराणा दुकानातला नव्हे. आणि एका घरात एकीला भाकर नि चौघांना पोळी हे फार दिवस चालत नाही. त्याच परातीत कणीक, त्याच पोळपाटावर पीठ. नीट पथ्य पाळायचं तर घरच ज्वारीवर आणणं सोयीचं, म्हणजे 50 किलो, म्हणजे कमीत कमी 1,700 रुपये दरमहा. मजुरीवर चालणाऱ्या घरात हा आकडा औषधाच्या बिलासारखा येतो, फरक इतकाच की त्याला बिल म्हणून कुणी मान्यता देत नाही. शहरात पाकीटबंद ग्लुटेनमुक्त आटा मिळतो, त्याचा दर याच्या कितीतरी पट. तो या हिशेबात धरण्यात अर्थच नाही.

मग फुकट मिळालेल्या गव्हाचं काय करायचं? विकायचा आणि ज्वारी घ्यायची, हे कुणालाही सुचेल. रेशनचं धान्य विकणं गुन्हा आहे. कायद्याच्या दृष्टीनं तो काळाबाजार, सीलिॲकच्या घराच्या दृष्टीनं ती धान्याची अदलाबदल. मला इथं कायदा आंधळा वाटतो, पण तो का आहे तेही कळतं.

भारताबाहेर याचं आणखी टोकाचं रूप पाहायला मिळतं. पश्चिम सहारातले सहरावी लोक 1975 नंतर परागंदा होऊन अल्जीरियातल्या तिंदूफच्या छावण्यांत राहू लागले. उंटाचं दूध आणि मांस यांवर जगणारा हा समाज वसाहतीच्या काळापासून गव्हाकडे वळत होता, आणि छावणीत तर मदतीच्या पिठावाचून दुसरं फारसं काही नव्हतं. 1999 मध्ये द लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासात तिथल्या 990 मुलांपैकी 5.6 टक्के मुलांना सीलिॲक निघाला. इतका आकडा जगात तोवर कुठंच सापडला नव्हता. निर्वासितांना जगवणारं पीठ त्यातल्या काही मुलांना आतून पोखरत होतं. मदत देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पोतं भरताना पोटं वेगवेगळी असतात हे ध्यानात घेतलं नव्हतं.

इटलीनं हे ध्यानात घेतलं. तिथं 2005 च्या कायद्यानं सीलिॲक रुग्णाला वय पाहून ग्लुटेनमुक्त अन्नासाठी दरमहा ठरावीक रक्कम मिळते. इंग्लंडात डॉक्टरच्या चिठ्ठीवर असे पदार्थ मिळायचे; 2018 मध्ये खर्च वाचवायला ती यादी पाव आणि पिठापुरती छाटली.

आपल्याकडे रोख रकमेचा एक प्रयोग परभणीतच झाला आहे, सीलिॲकशी काही संबंध नसताना. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना 2015 पासून स्वस्त गहू-तांदूळ मिळत होता. धान्य मिळेनासं झालं तेव्हा, 2023 पासून, त्याऐवजी माणशी महिना 150 रुपये खात्यात जमा होऊ लागले. पुढं ते 170 झाले. अनेकांनी याला फसवणूक म्हटलं आणि बाजारभाव पाहिला तर त्यांचं खोटं नव्हतं: 170 रुपयांत 2024-25 च्या हमीभावानंच मोजली तरी ज्वारी जेमतेम 5 किलो येते. पण सीलिॲकच्या माणसाला या अपुऱ्या पैशात गव्हाच्या पूर्ण पोत्यापेक्षा जास्त खाता येतं. कारण पैशाची ज्वारी होते, गव्हाची होत नाही.

ज्वारी घरात आली की पुढचा अडसर गिरणीचा. गावात पिठाच्या गिरणीवर दिवसभर गव्हाची दळणं असतात. जगभर मान्य झालेली ग्लुटेनमुक्ततेची मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम आहे. गव्हाच्या पिठात ढोबळ दहावा हिस्सा ग्लुटेन धरलं तर किलोभर ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम कणीक मिसळली की मर्यादा संपली. पाव ग्रॅम म्हणजे बोटांच्या चिमटीत मावेल त्याहून कमी. गिरणीच्या पाळ्यांत आणि पिठाच्या पिशवीत आधीच्या दळणाचं पीठ मूठमूठ अडकलेलं असतं. मुलगी महिनोन् महिने फक्त भाकर खाते, तरी प्रतिपिंडं उतरत नाहीत, आणि दवाखान्यात विचारतात, चोरून पोळी खाते का? तिनं काही चोरलेलं नसतं. दोष दळणाचा असतो.

याखेरीज छुपा गहू आहेच. फोडणीचा बांधणीचा हिंग बहुधा मैद्यात किंवा तांदळाच्या पिठात मळलेला असतो. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचतं कोण. धपाट्यांत ज्वारीबरोबर थोडी कणीक जाते, थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, कुरडया गव्हाच्या चिकाच्या. खपली गहू पचायला हलका म्हणून तो चालेल असं बरेच जण सांगतात. चालत नाही, तोही गहूच. लग्नाच्या पंगतीत, सप्ताहाच्या महाप्रसादात पोळी. वरण-भात खा म्हणावं तर वरणाला तोच हिंग. गंमत अशी की एकादशी हा सीलिॲकवाल्याचा सगळ्यात निर्धोक दिवस. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, शेंगदाणे, बटाटा, एकातही ग्लुटेन नाही, आणि उपवासाच्या स्वयंपाकात घरातली बाई भांडीसुद्धा वेगळी काढते. जे वैद्यकाला दहा वेळा समजावूनही साधत नाही ते विठोबा दर पंधरवड्याला साधून घेतो. शाळेचंही बरं आहे. महाराष्ट्रातली शालेय पोषणाची खिचडी तांदळाची, त्यामुळं हिंग वगळला तर त्या मुलीला दुपारचं जेवण मैत्रिणींच्या पंगतीत जेवता येतं. मधल्या सुट्टीतला बिस्किटाचा पुडा तेवढा तिच्या हातून काढून घ्यावा लागतो.

वास्तविक अन्न सुरक्षा कायद्यात तिसरं धान्य पहिल्यापासून आहे. तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरड धान्य 1 रुपया किलो, असे त्याचे मूळ दर होते. म्हणजे ज्वारी द्यायला नवा कायदा नको, खरेदी आणि साठवण हवी. महाराष्ट्रानं काही जिल्ह्यांत काही महिने गव्हाच्या बदल्यात ज्वारी वाटलीही आहे. परभणीच्या विद्यापीठानं, आता त्याचं नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या जोडीनं 2018 मध्ये ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण दिला. त्यात लोह किलोमागे 45 मिलिग्रॅमच्या आसपास आहे, नेहमीच्या वाणात ते तीसेक असतं. सीलिॲकमध्ये पहिली कमतरता येते ती लोहाचीच. ताडकळसला स्वतःची बाजार समिती आहे. तिथं ज्वारी विकत घेऊन तिथल्याच दुकानांत देण्यात अंतराची अडचण तरी नाही. आजच्या व्यवस्थेत पंजाबातला गहू हजाराहून अधिक किलोमीटर प्रवास करून येतो.

कार्डावर ‘ग्लुटेन वर्ज्य’ अशी नोंद होऊन गव्हाऐवजी ज्वारी मिळावी, ही मागणी मला वाजवी वाटते. ज्या व्यवस्थेला अंगठ्याचा ठसा ओळखता येतो तिला आतड्याचा अहवाल ओळखायला शिकवता येईल. तोवर घरोघरी जे करता येतं ते गिरणीपासून सुरू होतं. गिरणीवाल्याला सांगून सकाळचं पहिलं दळण आपलं ठेवायचं आणि आदल्या संध्याकाळी पाळी नि पिशवी झटकून घ्यायची. सुरुवातीचं किलोभर पीठ जनावरांच्या आंबोणात टाकायचं. गावात अशी आणखी घरं निघाली तर सगळ्यांची ज्वारी एकाच दिवशी दळायची, म्हणजे वाया जाणारं किलोभर पीठ वाटून जातं. माजघरात जुनं जातं पडलेलं असेल आणि दळायला हात असतील तर त्याहून उत्तम. कंट्रोलवर ज्वारी आलीच तर ती बहुधा खरिपाची हायब्रीड असेल आणि पोतं कदाचित आधी गव्हाचं वापरलेलं. काळे, बुरशीचे दाणे निवडून फेकायचे, गव्हाचा दाणा दिसला तर तोही. मग दोन पाण्यांनी धुवायची, कडक उन्हात वाळवायची, आणि तिचं दळण वेगळ्या डब्यात, झाकण लावून, कणकेच्या डब्यापासून लांब ठेवायचं.